शंखासारखे स्पीकर, अंड्यासारखे स्पीकर, मडक्यासारखे स्पीकर: आकाराला खरंच काही अर्थ असतो का?

सागवानी_मिस्त्री

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढून राहिलो, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझं नागपुरात फर्निचरचं काम आहे. कारखाना म्हणतो मी, पण खरं तर शेडच आहे, पाच कारागीर, एक प्लेनर आणि भरपूर भुसा. मागच्या महिन्यात एका बंगल्याचं काम मिळालं, बैठकीचं पूर्ण लाकूडकाम. मोजमाप घ्यायला गेलो तर बैठकीत दोन मोठ्ठे शंख उभे. शंख म्हणा, गोगलगाय म्हणा. छातीपर्यंत उंच, गर्द निळे, नव्या गाडीच्या बॉनेटसारखे चकचकीत, खाली गोल वेटोळं आणि वरून मागच्या बाजूला तीन सुळे निघालेले. मला वाटलं शोपीस आहे, कोण्या मोठ्या आर्टिस्टचं. मालक म्हणे स्पीकर आहेत, बॉवर्स अँड विल्किन्सचे नॉटिलस, विलायती, १९९३ चं डिझाइन आहे आणि अजून बनतात. किंमत सांगितली ती इथे लिहीत नाही, एवढंच सांगतो की तेवढ्यात मानेवाड्याकडे बरा फ्लॅट येतो.

सवयीने बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं, जसं आम्ही लाकडाला करतो. आवाजच नाही! पाटा-वरवंट्यावर वाजवल्यासारखं ठक्क, बस. आणि गंमत म्हणजे एका शंखाला हळदीकुंकू लागलेलं. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी मालकांच्या आईने शंख समजून पुजला, आणि मालकांची पुसायची हिंमत नाही.

आता माझी अडचण. आईंची इच्छा आहे की दोन्ही शंखांना सागवानी कोनाडे करावे, वर कमान, आतून पिवळा लाइट. ज्याने सिस्टिम लावून दिली तो माणूस म्हणतो कोनाड्यात टाकले तर स्पीकर गेले कामातून. कोणाचं ऐकू? आणि दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या समाधानासाठी. एवढा विचित्र आकार आवाजासाठी आहे का फक्त श्रीमंती दाखवायला?

तर्रीबाज

हाहाहा कुंकू लावलेला स्पीकर 😂 फोटो टाका ना बे मिस्त्री भाऊ.

बाकी आपलं मत साफ आहे. गणपतीत आमच्या गल्लीत जे डब्बे येतात ना काळे चौकोनी, त्यायच्या एका ठोक्यात खिडकीचे काच हलते. काउन शंख पाहिजे? पैसा जास्त झाला का माणसाला कोपरे टोचते.

रेवती_धरमपेठ

सागवानी दादा, कोनाडा नको म्हणजे नको. मी इंटिरियर करते आणि हे पाप माझ्या हातून एकदा झालंय. क्लायंटचे साधेच टॉवर स्पीकर होते, मी हौसेने भिंतीत खण करून त्यात बसवले, कडेने प्रोफाइल लाइट, फोटो तर इतके सुंदर आले की काय सांगू. गृहप्रवेशाला गाणं लावलं तर तबल्याच्या प्रत्येक डग्ग्याचा नुसता घुमारा, जसं कोणी रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलतंय. शेवटी खण बुजवले माझ्या खर्चाने.

बाकी "श्रीमंती दाखवायला" याला उत्तर: दोन्ही. पण कोणत्या स्पीकरमध्ये किती हे वेगवेगळं आहे. यावर आपल्या तरंगलांबी सरांनी लिहावं, मी कारण सांगायला गेले तर चुकेन.

तरंगलांबी

रेवतीताईंनी नाव घेतलंच आहे तर लिहितो. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त, वेळ आहे, पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे विरळ होते. म्हणजे पुढून जितका आवाज निघतो तितकाच मागूनही निघतो, फक्त उलटा. हे दोन एकत्र आले की एकमेकांना खातात, मुख्यतः खालचे सूर. म्हणून डबा लागतो, मागचा आवाज कोंडायला. पण कोंडलेला आवाज जाईल कुठे? चौकोनी डब्यात समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो, आणि पडदा तर कागदाएवढा पातळ, त्यातून थोडा उशिराने पुन्हा बाहेर झिरपतो. तो उशिरा आलेला आवाज म्हणजे तो "डब्ब्यातला" आवाज जो आपण सगळे ओळखतो.

१९९३ च्या त्या शंखाचं डिझाइन लॉरेन्स डिकी या इंजिनीअरचं. त्याने काय केलं, मागचा आवाज डब्यात कोंडण्याऐवजी त्याला एक निमुळत्या नळीत जाऊ दिलं. आत शोषून घेणारं भरताड. नळी अरुंद होत होत जाते आणि आवाज तिच्यात मरत मरत जातो, परत यायला शिल्लकच राहत नाही. तुतारी आठवा. तुतारीत अरुंद तोंडातून फुंकर जाते आणि पुढे नळी रुंद होत आवाज मोठा होतो. हे त्याच्या उलट, तुतारी उलटी धरली आहे असं समजा.

आता मिस्त्रींनी पाहिलेले तीन सुळे म्हणजे ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) आणि दोन मिडरेंज (मधल्या सुरांचे) यांच्या तीन नळ्या. वरच्या सुरांच्या लाटा लहान असतात, १०,००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०,००० कंपनांची लाट साडेतीन सेंटिमीटरच्याही आत, म्हणून नळी आखूड चालते. पण ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब. तिच्यासाठीची नळी सरळ ठेवली असती तर सोफ्याच्या मागून डायनिंग टेबलापर्यंत गेली असती. म्हणून ती वळवून वेटोळं केलं. शंख जो दिसतो तो शोभेसाठी नाही, जागेच्या नाइलाजाने झालाय.

कोनाड्याबद्दलही हीच लाट लक्षात ठेवा. एवढी लांब लाट स्पीकरच्या तोंडासमोरच जाते असं नाही, ती वळून चारी बाजूंना पसरते. कोनाड्यात शिरते, तीन भिंतींवरून परत येते, काही सूर फुगतात, काही गायब. रेवतीताईंची टाकी ती हीच.

तर्रीबाज

सर मले आता समजलं, आमच्या गल्लीतल्या डब्ब्यातून जे निघते थे गाणं नसते, थे परत आलेलं गाणं असते.

सागवानी_मिस्त्री

सर, दंडवत. उलटी तुतारी हे डोक्यात एकदम बसलं.

पण एक शंका. आमच्याकडे लोक येतात स्पीकरचे डबे बनवून घ्यायला, हौशी लोक, आणि प्रत्येकाची मागणी एकच, सॉलिड सागवान पाहिजे, सागवानाचा आवाज "वॉर्म" येतो म्हणे. मी त्यांना सांगून सांगून थकलो की दादा, नागपूरचा मे आणि नागपूरचा जुलै या दोघांत सागवानासारखं सागवान पण हलतं. मे मध्ये पार सुकून जातं, त्यात कूलरची ओल एका बाजूने, मग पाऊस. कितीही सीझन केलेलं असो, रुंद पाटी असली की जॉइंट थोडा तरी बोलतोच. चांगला प्लाय किंवा एमडीएफ (भुसा दाबून केलेली पाटी), वरून सागवानी विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, हे कधीही बरं. पण लोकांना वाटतं मिस्त्री पैसे वाचवून राहिला. मग सॉलिड लाकडाचा आवाज खरंच वेगळा येतो का?

तरंगलांबी

येतो, आणि तोच दोष आहे. तंबोऱ्याचा भोपळा, सतारीची तबली, यांचं अंग बोललं पाहिजे, तार एकटी काय वाजणार. मिरजेचे कारागीर भोपळा निवडताना त्याच्या अंगातला आवाज बघतात. स्पीकरचं अंग मात्र मुकं पाहिजे. गाण्यातला तंबोरा त्याच्या स्वतःच्या भोपळ्यासकट रेकॉर्ड होऊन आलेला असतो, त्यात तुमच्या डब्याने आपला भोपळा कशाला मिसळायचा? तुम्ही शंखावर टकटक केलं आणि ठक्क आवाज आला ना, तीच त्याची खरी किंमत.

जुना_बाजा

सर, अर्धं पटलं. इटलीत विचेंझाला सोनुस फाबेर म्हणून कंपनी आहे, १९८३ ची, त्यांचे स्पीकर मुद्दाम ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या आकाराचे, पाठ गोलाकार, अक्रोडाचं लाकूड, आणि समोर जाळीऐवजी उभ्या काळ्या दोऱ्या ताणलेल्या, लांबून बघितलं तर वाद्याच्या ताराच वाटतात. मॉडेलची नावंपण व्हायोलिन बनवणाऱ्यांची, ग्वार्नेरी, स्ट्रॅडिव्हारी. मी एकदा मुंबईत ऐकले, गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येत होता. आता हे वाद्यासारखे असून वाईट कसे?

तरंगलांबी

वाईट कोण म्हणतंय. बाहेरून वाद्य आहे, आतून नाही. पाठ गोल आहे त्यामुळे आतल्या भिंती समोरासमोर येत नाहीत, आणि पातळ लाकडाचे थरावर थर चिकटवून वाकवलेले असल्याने ती पाठ फार ताठ होते. म्हणजे दिसायला व्हायोलिन, वागायला तिजोरी. सौंदर्य आणि गरज एका ठिकाणी भेटली, असं क्वचित होतं.

जुना_बाजा

हां, असं म्हणा मग मान्य 🙏

आता मिस्त्री भाऊंसाठी खास. तुम्ही जेबीएल पॅरागॉन शोधून बघा, आजच बघा. अमेरिकन, १९५७ साली आलं आणि १९८३ पर्यंत बनत होतं. एकच लांबलचक पेटी, जवळजवळ ९ फूट, आपल्या आजीच्या दिवाणासारखी, दोन्ही बाजूंचे स्पीकर एकाच पेटीत, वजन ३०० किलोच्या वर. आणि मधोमध एक भला मोठा बाहेर आलेला लाकडी बाक, म्हणजे वाकवलेला पडदा म्हणा. हॉर्न, म्हणजे तुतारीसारखी तोंडं, त्या लाकडावर आवाज फेकतात आणि तो लाकडावरून पसरून खोलीत येतो, म्हणजे सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यालाही स्टिरिओ मिळावा. कल्पना रिचर्ड रेंजर यांची आणि त्याला रूप दिलं आर्नोल्ड वुल्फ यांनी. सगळे मिळून हजाराच्या आसपासच बनले असतील, कारण प्रत्येक पेटी हाताने.

आमच्या महाल भागातल्या वाड्यात वडिलांचा रेडिओग्राम होता, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी पेटीत, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पितळेचा हत्ती. पॅरागॉनचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं रेडिओग्राम मोठा होऊन परदेशात शिकून आला.

सागवानी_मिस्त्री

बघितलं. रात्री बघितलं, झोप गेली. ते मधलं पॅनेल... आम्ही असा बाक करायचा तर प्लायच्या पाठीवर करवतीने थोड्या थोड्या अंतरावर खाचा मारतो, म्हणजे तो वाकतो, मग वरून विनियर. पण खाचा मारलेला प्लाय आतून पोकळ पोकळ राहतो, सरांच्या भाषेत बोलका. त्यावर आवाज आपटणार असेल तर नाही चालायचं. साचा करून पातळ थर एकावर एक चिकटवून दाबून ठेवावे लागतील, शिकंजे लावून रात्रभर. माझ्या शेडमध्ये होईल. गिऱ्हाईक नाही मिळणार, पण होईल.

पुणेरी_विद्युत

धागा वाचतोय, छान चाललाय. फक्त सगळे परदेशातलेच दाखले का? आमच्या पुण्यात केडन्स ऑडिओ आहे, इलेक्ट्रोस्टॅटिक आणि खालच्या सुरांचा साधा वूफर मिळून हायब्रिड स्पीकर बनवतात, बाहेर देशात विकतात. आणि कोचीची रेथम, एका आर्किटेक्टने काढलेली, सुरुवातीच्या मॉडेलांत सगळे सूर काढणारा एकच फुल रेंज ड्रायव्हर (डब्यात बसवलेला आवाज काढणारा भाग) आणि त्यामागे आवाज फिरवून आणणारा डबा, दिसायला जहाजाच्या शिडासारखे. इथल्या लोकांना माहितीही नसतं.

तर्रीबाज

आलं पुणं. चार पोस्टपासून वाटच पाहून राहिलो होतो.

पुणेरी_विद्युत

सत्य कुठूनही आलं तरी ऐकावं 😌

इलेक्ट्रोस्टॅटिकबद्दल थोडं लिहितो कारण खरा "विचित्र" प्रकार तो आहे. त्यात डबाच नाही. दोन जाळीदार पत्र्यांच्या मध्ये अतिशय पातळ फिल्म ताणलेली, तिच्यावर हजारो व्होल्टचा चार्ज, पत्र्यांना गाण्याचा सिग्नल दिला की फिल्म पुढे मागे ओढली जाते. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांचा क्वाड १९५७ चा. दिसतो अगदी खोली गरम करायच्या हीटरसारखा, आणि आवाजात अजूनही भल्याभल्यांना लाजवतो. म्हणजे पॅरागॉन आणि क्वाड एकाच सालचे, एक नऊ फुटी लाकडी राजवाडा आणि एक बिनडब्याची जाळी.

जुना_बाजा

क्वाडची एक जोडी माझ्याकडे काही वर्षं होती. धूळ! त्या चार्जला धूळ अशी चिकटते की विचारू नका, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये खिडकी उघडली की वादळासोबत अर्धा रस्ता घरात. एका उन्हाळ्यात डाव्या पॅनेलमधून भजी तळल्यासारखा चर्र चर्र आवाज यायला लागला. बायको म्हणाली, गाणं बंद करा, तेल जास्त तापलंय. विकली शेवटी, अजून हळहळतो.

रेवती_धरमपेठ

आता माझ्या धंद्यातलं सांगते. लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना आवाज नको असतो, त्यांना "स्पीकर दिसायला नको" हे हवं असतं, किंवा मग दिसलाच तर पाहुण्याने विचारायला हवं. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने हे फार लवकर ओळखलं. १९२५ ची कंपनी. त्यांचा ए९ आहे ना, गोल मोठी थाळी आणि तीन लाकडी पाय, मी रामदासपेठेत एका घरी लावला तर घरच्या कामवाल्या मावशी म्हणाल्या, ताई एवढं मोठं सूप भिंतीपाशी कशाला उभं केलं. सूपच दिसतं खरं. आणि षटकोनी टाइल्सचा 'शेप' नावाचा स्पीकर आहे, भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखा पसरायचा, त्यात काही टाइल्समध्ये स्पीकर, काहीत ॲम्प्लिफायर आणि काही फक्त आवाज शोषायला. मला ही तिसरी कल्पना फार आवडते, कारण मी गिऱ्हाइकाला "भिंतीला शोषक लावा" म्हटलं तर तो तोंड वाकडं करतो, पण डिझायनर टाइल म्हटलं की पैसे काढतो.

पण त्यांचंच दुसरं टोक म्हणजे बिओलॅब ९०. कंपनीला ९० वर्षं झाली म्हणून २०१५ मध्ये काढला. एकेका स्पीकरमध्ये १८ ड्रायव्हर, ८,२०० वॅट, वजन १३७ किलो. चारी बाजूंनी तिरकस कापलेला, कापडाची शिडं लावलेला, बुरुज ढासळताना कोणी फोटो काढावा तसा. हा मला दिसायला अजिबात आवडत नाही, स्पष्ट सांगते. पण त्यातली बुद्धी अशी की आवाजाचा झोत अरुंद करायचा का रुंद का चारी दिशांना, हे बटणावर ठरतं. एकटे बसून ऐकायचं तर झोत तुमच्या खुर्चीवर, पार्टी असेल तर सगळीकडे. आकार विचित्र का, तर १८ तोंडं वेगवेगळ्या बाजूंना हवीत.

तर्रीबाज

८२०० वॅट?? एका स्पीकरले?? आमच्या घरचा अख्खा लोड तेवढा नाही. महावितरणचा माणूस मीटर पाहून पेढे वाटन.

तरंगलांबी

तर्रीबाज, ती क्षमता आहे, सतत खर्च नाही. घरात साधारण ऐकताना एखादा दुसरा वॅटच खर्च होतो, ढोलाचा ठोका आला की क्षणभर खूप.

रिकामा_इंजिनीअर

एवढ्या बंगलेवाल्यांच्या गप्पा झाल्या, आता गरिबाचा शंख ऐका. मी मडक्याचे स्पीकर केलेत.

झालं असं की कुठेतरी वाचलं, आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये प्रयोग छापले होते. एकच ड्रायव्हर, आणि तो वेगवेगळ्या आकारांच्या डब्यांत बसवून मोजलं. गोळा सगळ्यात सपाट, म्हणजे सगळ्यात प्रामाणिक आला, आणि घनाकृती डब्यात मधोमध ड्रायव्हर बसवला तर पार वरखाली. कारण कोपरा. आवाज डब्याच्या तोंडावरून सरकत कडेला येतो, तिथे धारदार कोपरा लागला की त्या कडेवरून पुन्हा नवा आवाज फुटतो. गोळ्याला कडाच नाही. मग मी विचार केला, अगोदरच गोल, जड, आणि स्वस्त असं नागपुरात काय मिळतं? माठ!

उन्हाळा सुरू व्हायच्या आत दोन माठ आणले. तोंड चार इंची ड्रायव्हरसाठी मोठं होतं, म्हणून पोटाला भोक पाडायला गेलो. ग्राइंडरने पहिला फुटला. दुसरा हळूहळू, पाणी टाकत टाकत, ड्रिलने गोल बिंदू पाडत नेला, अर्ध्या तासाची मेहनत, शेवटच्या दोन बिंदूंमध्ये तडकला. मग सरळ कुंभाराकडे गेलो आणि म्हटलं दादा, कच्चा असतानाच मला पोटाला गोल भोक ठेवून द्या, माप हे. मी काय केलं, ड्रायव्हरचं बरोबर माप कागदावर कापून दिलं. पंधरा दिवसांनी माठ घ्यायला गेलो, ड्रायव्हर भोकात जाईचना. कुंभार काका हसायलाच लागले, म्हणे इंजिनीअर साहेब, माती वाळते तशी बसते, भाजल्यावर अजून बसते, सुताराचं माप कुंभाराला नाही चालत. इतकी वर्षं शिकून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या जोडीला मोठं भोक दिलं, बरोबर आलं.

आत डांबराचा हात मारला कारण माठ पाझरतो तसा हवेलाही पाझरतो. एमडीएफची रिंग एम-सीलने बसवली, आत गादीवाल्याकडचा कापूस, मूळ तोंडाला लाकडी बूच. स्टँड शोधायची गरजच नाही, माठाची तिवई! ड्रायव्हर धरून सगळे मिळून पाच हजारांच्या आत.

आवाज? मधले सूर खूपच सुंदर. माणूस खोलीत गातोय. बास नाही, चार इंचात कुठून येणार. आणि एक धोका, परवा आत्या आल्या आणि दुपारच्या उन्हातून आल्या आल्या ओगराळं शोधायला लागल्या.

सागवानी_मिस्त्री

हाहाहा. "सुताराचं माप कुंभाराला नाही चालत" हे मी शेडमध्ये लिहून लावतो.

तरंगलांबी

रिकामा इंजिनीअर, फार छान. एक सुचवतो. गोळ्याला बाहेरून कडा नसते हे बरोबर, पण आतून गोळा फसवा असतो. सगळ्या बाजू मध्यापासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे एकाच सुराला सगळ्या भिंती मिळून साथ देतात. कापूस नुसता भिंतीला लावू नका, मधोमध सैलसर भरा. बघा एक ठरावीक सूर घुमत असेल तर कमी होईल.

रिकामा_इंजिनीअर

सर, हार्मोनियमचा एक सूर घुमतोच! मला वाटलं रेकॉर्डिंग तसं आहे. आजच उघडतो.

पुणेरी_विद्युत

यावरून आठवलं, फ्रान्सचा डेव्हिआले फँटम हा पण साधारण अंडाकृतीच, २०१५ चा. दोन्ही बाजूंना घुमटासारखे वूफर, एकाच वेळी बाहेर येतात आणि आत जातात, धाप लागल्यासारखे. दोघे उलट दिशांना ढकलतात म्हणून धक्के एकमेकांना मारतात आणि अंडं जागचं हलत नाही. आणि बर्लिनच्या एमबीएलचा १०१, त्यात तर नेहमीचा निमुळता पडदाच नाही, पाकळ्यांचा उभा कांदा, पाकळ्या फुगतात आणि आवाज चारी दिशांना जातो. फोटो बघाच.

जुना_बाजा

आणि जागा खाणारा म्हणाल तर क्लिपशहॉर्न, १९४६ पासून. तो मुळात खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचा, कारण खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या हॉर्नचा शेवटचा भाग. पण नागपूरच्या घरात कोपरा रिकामा मिळायचा कुठे? एकात कूलर, एकात देवघर.

रेवती_धरमपेठ

कूलर! सगळ्यात मोठा मुद्दा तर राहिलाच. सागवानी दादा, बंगल्यात एसी असेल, पण आपल्यासारख्यांचं काय, मार्च ते जून डेझर्ट कूलरची घरघर आणि त्यासमोर लाखाचा ट्वीटर. ऐकायचं काय, वाळ्याचा वास?

आणि दुसरं, त्या बैठकीत फरशी कोणती आहे? मार्बल, मोठ्या काचा, पीओपीचं छत असं असेल तर मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे टर्रर्र असं शेपूट ऐकू आलं तर स्पीकर कोणताही आणा, अर्धं गाणं त्या शेपटातच जाणार.

सागवानी_मिस्त्री

ताई, आज कामावर गेलो तेव्हा वाजवली टाळी. शेपूट आहे. लांब आहे. मालकाने विचारलं काय करून राहिले, मी सांगितलं, मग त्यांनीपण वाजवली, मग त्यांचा मुलगा, दहा मिनिटं आम्ही तिघं टाळ्या वाजवत फिरून राहिलो, आतून आईंनी विचारलं आरती आहे का.

एक चांगलं झालं. मी सरांची उलटी तुतारी त्यांना समजावून सांगितली. मालक म्हणे तीस लोकांना हे स्पीकर दाखवले, आकार असा का हे विचारणारे तुम्ही पहिले. कोनाडे रद्द. त्याऐवजी मागच्या पूर्ण भिंतीला सागवानी पट्ट्या, कमी जास्त खोलीच्या, मधल्या फटींत शोषक आणि वर कापड, रेवतीताई तुमचा नंबर देतोय त्यांना, रागावू नका. समोरच्या काचेला जाड पडदा आणि मार्बलवर भला मोठा गालिचा. त्यांनी गाणंपण ऐकवलं, कोनाड्याशिवाय. जोडीला आठ चॅनेलचे ॲम्प्लिफायर आहेत, प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा, मी मोजले, वायर मोजता मोजता गाणं सुरू झालं आणि मग मोजायचं राहिलं.

तर्रीबाज

कसं होतं थे तर सांगा! एवढा मोठा धागा वाचून काढला म्या.

सागवानी_मिस्त्री

कसं सांगू. भजन होतं, मागे टाळ. प्रत्येक टाळ वेगळा ऐकू येत होता, हा टाळ जड, तो हलका, तिकडे कोपऱ्यातला थोडा उशिरा वाजवणारा माणूस. मी शंखांकडे बघून राहिलो होतो पण आवाज शंखांतून येतच नव्हता, त्यांच्या मागे कोणी मंडळी बसली असल्यासारखा. आईंनी डोळे मिटलेले.

पण आता नवीन भानगड. आई म्हणतात शंख जमिनीवर ठेवत नाहीत. कोनाडे नाही तर नाही, पण चौरंग पाहिजे. दोन चौरंग, सव्वा फूट उंच, पितळी पट्टी. मालकाने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. सर, चालेल का?

तरंगलांबी

सव्वा फूट? नाही हो. ट्वीटर साधारण बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, तो आधीच वर आहे, अजून सव्वा फूट चढवला तर आवाज डोक्यावरून जाईल. दोन इंचांत भागवा. जाड, भरीव, न हलणारा पाट करा आणि त्यालाच चौरंग म्हणा.

सागवानी_मिस्त्री

विचारून आलो. आई म्हणतात दोन इंचाला पाट म्हणतात, चौरंग नाही, मला काय कळत नाही का. शेवटी ठरलं असं की चौरंग सहा इंच, आणि सोफा नेहमीपेक्षा सहा इंच उंच. म्हणजे सोफ्याची ऑर्डरपण मिळाली मला. आता सोफ्यावर बसल्यावर आईंचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यासाठी खाली एक पाट लागेल.

तर्रीबाज

थो पाट दोन इंचाचाच ठेवजा.